रिकाम्या वर्गातली हजेरी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्याची, हे सांगायला मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतील. रोह्याच्या त्या वर्गाचं प्रकरण मात्र जसं घडलं तसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि मी पेणला पोलीस निरीक्षक होतो. या लेखात मी कुणाचंही नाव घेणार नाही. काही माणसं शिक्षा भोगत आहेत, काही गावात सुखाने राहू पाहत आहेत, त्यांना तसं राहू द्यावं.

थंडीचे दिवस होते. सकाळची परेड आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. ठाणे अंमलदाराने एका बाईला आत पाठवलं. पस्तिशीची असेल. खाडीकडच्या गावातली, मिठागरावर काम करणारी. पायांना भेगा पडलेल्या, हातात पोस्टाचा खाकी लिफाफा. ती बसायला तयार होईना.

"सायेब, तुमी मना वलखलं नाय. भादव्यात आलते मी. माझा नवरा हरवला म्हनून."

मी ओळखलं नव्हतं. लिफाफ्यात एक रंगीत प्रमाणपत्र होतं. तिच्या नवऱ्याचं नाव, फोटो, आणि खाली मजकूर: उंचीवरील बांधकामात सुरक्षितपणे काम करण्याच्या प्रशिक्षणाचा पहिला टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण केला. तारीख मागच्याच महिन्यातली.

"वाचून दाखवलं पोरीनं," ती म्हणाली. "म्हंजे हे हायत ना? शिकतायत. मग घरी का येत नाय? एकदा समोर आना त्यांना. भांडनार नाय मी. फक्त बगायचंय."

मी मिसिंगचं रजिस्टर मागवलं. नोंद सापडली. नवरा पूर्वी मिठागरावर राबलेला, आता परांची बांधणारा कामगार, रोह्याकडे एका ठेकेदाराच्या साइटवर कामाला. ऐन पावसात गेला तो परतला नाही. आठवडाभर वाट पाहून बायकोने तक्रार दिली. त्यापुढचा शेरा असा होता: "सदर इसम रोहा येथील प्रशिक्षण वर्गास दररोज हजर असल्याचे आढळून आले. घरी परतण्यास तयार नाही. मिळून आला." खाली माझी सही.

तेव्हा काय झालं होतं ते मला हळूहळू आठवलं. गणपतीचा बंदोबस्त होता. पेणमध्ये त्या दिवसांत कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडत असतात, रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. आमच्या हवालदाराने ठेकेदाराला फोन केला. ठेकेदार स्वतः ठाण्यात आला, हजेरीचा छापील कागद घेऊन. अंगठा लावण्याच्या मशीनमधून निघालेला कागद, त्यावर रोजची वेळ मिनिटासह. तो म्हणाला, "साहेब, माणूस रोज येतो, पण घरचं नाव काढलं की उठून जातो. दुसरीकडे काहीतरी जुळलंय म्हणतात." आम्ही कागद पाहिला आणि माणूस पाहिला असं धरलं. हवालदाराने शेरा लिहिला, मी सही केली. त्या बाईला निरोप गेला की तुझा नवरा जिवंत आहे, तुझ्याकडे यायचं नाही म्हणतो. चार महिने ती बाई गावात या निरोपासह राहिली होती.

मी तिला म्हटलं, "ताई, उद्या मी स्वतः जाऊन बघतो."

जाण्याआधी कामगार खात्यातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला. हा वर्ग काय प्रकार आहे ते त्याच्याकडून समजलं. बांधकाम ठेकेदारांना आपले कामगार शिकवून तयार करण्यासाठी सरकारी निधीतून मदत मिळते. पूर्वी नावांची यादी आणि एक सामूहिक फोटो दिला की पैसे सुटायचे. त्यात फार खोटेपणा झाला म्हणून नियम बदलले. आता प्रत्येकाचा रोज मशीनवर अंगठा हवा, हजेरी घेतानाचं आणि शिकवतानाचं रेकॉर्डिंग हवं. एकदा यादी भरली की नाव बदलता येत नाही. अर्ध्यातून माणसं गळली तर त्या तुकडीची मदत थांबते. आणि प्रत्येक टप्प्याचं प्रमाणपत्र ठेकेदाराच्या हातात न देता थेट कामगाराच्या घरच्या पत्त्यावर जातं.

"आता चोरी करायला वावच नाही," तो अधिकारी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत रोह्याला गेलो. रोहा ठाण्याला रीतसर कळवलं. वर्ग गावाबाहेर, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. पाटी नवी होती. सकाळचे साडेअकरा वाजलेले, स्वच्छ ऊन. आतून शिकवण्याचा आवाज येत होता. खणखणीत, सवयीचा आवाज. परांचीच्या फळ्या कशा तपासाव्यात, सेफ्टी बेल्टचा हूक कुठे अडकवावा. आम्ही दाराशी थांबलो. आवाज थांबला.

"कुणाला काही शंका?"

मग शांतता. कुणी काही विचारत असावं, इतका वेळ तो थांबला. मग म्हणाला, "बरं. पुढे जाऊ."

दार लोटलेलंच होतं. मी ते उघडलं. आत बाकांच्या चार ओळी होत्या आणि एकाही बाकावर माणूस नव्हता. फळ्यापुढे साठीचा एक गृहस्थ उभा होता. पांढरा शर्ट, इस्त्री केलेली पँट, हातात खडू. समोर स्टँडवर मोबाइल लावलेला होता, त्याचा डोळा फक्त फळ्याकडे आणि मास्तरांकडे. मास्तरांनी आम्हाला पाहिलं. पण बोलणं थांबवलं नाही. हाताने 'थांबा' अशी खूण केली, वाक्य पूर्ण केलं, रिकाम्या बाकांकडे पाहून मान हलवली आणि मग मोबाइल बंद केला.

आयुष्यात मी पुष्कळ मृतदेह पाहिले. विहिरीतून काढलेले, रुळांवरून गोळा केलेले. त्यांची मला भीती वाटली नाही. त्या लख्ख उजेडात मात्र मला दारातून पुढे पाऊल टाकावंसं वाटेना. माझ्या मागे हवालदाराने चप्पल काढली होती, का ते त्यालाही सांगता आलं नाही.

"कामगार कुठे आहेत?" मी विचारलं.

"प्रॅक्टिकलला साइटवर गेलेत," मास्तर म्हणाले. हा मनुष्य एका कंपनीतून सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाला होता आणि ठेकेदाराने त्याला प्रशिक्षक नेमलं होतं. मी बाईच्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

"अकरा नंबर," ते लगेच म्हणाले. "येतो ना. आज सकाळीच अंगठा देऊन गेला."

मशीन भिंतीवर होतं. त्यात त्या दिवशीचे सतरा अंगठे होते. एक ते सतरा, यादीच्याच क्रमाने, दोन मिनिटांच्या आत सगळे आटोपलेले. सतरा माणसं दारातून येऊन यादीच्या क्रमाने एवढ्या झटपट अंगठे देऊ शकत नाहीत. आमच्या परेडला एवढ्या माणसांना नुसतं रांगेत उभं करायला जास्त वेळ लागतो. पण तेव्हा मला वाटलं, एवढीच लबाडी असेल. माणसं साइटवर राबत असतील आणि हजेरी इथे लागत असेल. म्हणजे आपला माणूस साइटवर सापडेल. मी हजेरीचे कागद आणि मागच्या काही आठवड्यांचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेतलं. साइटवर गेलो. तिथल्या मुकादमाने नाव ऐकलं आणि म्हणाला, "तो तर वर्गाला असतो." वर्गवाले साइट दाखवत होते, साइटवाले वर्ग. दोन्हीकडे माणूस होता आणि कुठेच नव्हता.

त्या बाईला मी ठाण्यात बोलावलं. आमची एक महिला शिपाई तिच्याशेजारी बसली आणि तिने संगणकावर रेकॉर्डिंग लावलं. मास्तर एकेक नाव घेत होते. चित्रात फक्त मास्तर. प्रत्येक नावानंतर कॅमेऱ्यामागून उत्तर येत होतं. कुणाचं 'हजर', कुणाचं 'येस सर', परप्रांतीयांचं 'हाज़िर'. अकरावं नाव आलं.

"हजर हाय."

बाई उठून उभी राहिली. "ह्यांचाच आवाज. व्हय, ह्यांचाच!" तिने दोन्ही हात पडद्याला लावले. "कवाचं हाय हे?"

"मागच्या सोमवारचं," शिपाई म्हणाली.

ती हसत होती आणि रडतही होती. आणखी एकदा लावा म्हणाली. आणखी एकदा. मग दुसऱ्या दिवसाचं, तिसऱ्या दिवसाचं. तिला नवरा सापडला होता. मलाही हायसं वाटलं हे मी कबूल करतो. माझा शेरा खरा ठरत होता.

ती चहा घ्यायला बाहेर बसली तेव्हा आमची शिपाई संगणकापाशीच होती. ती मुलगी मूळची रोह्याचीच. तिने मला हाक मारली. "सर, हे परत ऐका. त्याच्या आवाजामागे."

मी ऐकलं. "हजर हाय" आणि त्याच्या पाठीमागे, अगदी 'हाय'वर, पाववाल्याच्या सायकलचा भोंगा. दोनदा पों, पों.

"आता गुरुवारचं."

हजर हाय. पों, पों.

"आता डिसेंबरचं."

हजर हाय. पों, पों.

तिने एकामागोमाग नऊ दिवसांचं लावलं. नऊही दिवस तो पाववाला त्याच क्षणी खिडकीखालून गेला होता. मास्तरांचा आवाज रोज वेगळा होता, एके दिवशी सर्दी झालेला. उत्तरं मात्र त्याच एका सकाळची होती.  बाहेर ती बाई कुणाला तरी फोनवर आनंदाने सांगत होती.

मला तिला थांबवता आलं नाही.

त्याच दुपारी रोह्याच्या पोलिसांना आणि दोन पंचांना घेऊन आम्ही शेडची झडती घेतली. मास्तरांच्या टेबलाच्या खणात दुसरा मोबाइल होता. त्यात सतरा आवाज, एक ते सतरा क्रमाने. त्याखाली मिठाईच्या खोक्याएवढी पत्र्याची पेटी. मी झाकण काढलं. आत कापसावर सतरा अंगठे ठेवलेले होते. रबरासारख्या मऊ, मातकट पदार्थाचे, पहिल्या पेरापर्यंत. प्रत्येकावर नखाची खूण, रेषा, चिरा. खाली चिकटपट्टीवर नंबर. एका पंचाने तोंड फिरवलं. अकरा नंबरच्या अंगठ्याला नखाजवळ उभ्या भेगा होत्या, मिठात काम करणाऱ्यांना पडतात तशा. साच्यात त्याही उतरल्या होत्या.

मुद्देमाल पंचनामा करताना मी विचारलं, "हे मशीन घेतं?"

"कोरडा घेत नाही," मास्तर म्हणाले. "आधी तोंडाची वाफ द्यावी लागते." आणि त्यांनी हाताची मूठ ओठांजवळ नेऊन हलकेच फुंकर घालून दाखवली. रोज सकाळी त्या बंद शेडमध्ये ते सतरा अंगठ्यांवर अशी फुंकर घालत होते.

ते अंगठे पेणमध्येच बनले होते. मूर्तींसाठी रबरी साचे काढणारा एक कारागीर आम्ही दुसऱ्या दिवशी शोधला. त्याने काहीच लपवलं नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी ठेकेदाराने त्याला रोह्याला नेलं होतं. "साहेब, मला म्हणाले, सिमेंटने माणसांचे अंगठे झिजतात, मशीन घेत नाही, गरिबांची मजुरी बुडते. मला ते पटलं. माझ्या भावाचं रेशन असंच अडलं होतं. म्हणून केले." त्या एकाच सकाळी सतरा माणसं खरोखर वर्गात आली होती. अंगठे दिले, नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणाली, आणि पुन्हा कामावर गेली. उंचीवर कसं उभं राहायचं ते त्यांना कुणी शिकवलं नाही.

आता प्रश्न एकच होता. सोळा माणसं साइटवर सापडली; अकराव्याबद्दल विचारलं की कामाच्या भीतीने सगळ्यांचं एकच उत्तर, 'मालकांना विचारा.' अकरावा कुठे आहे?

मास्तरांची चौकशी मी स्वतः केली. माझी एक जुनी पद्धत होती. माणसाला समोर बसवायचं आणि गप्प राहायचं. बहुतेकांना ती शांतता सोसत नाही, ते भरून काढायला बोलू लागतात. इथे तासभर गेला, मास्तर ताठ बसून राहिले. नंतर माझ्या लक्षात आलं, या माणसाने पाच महिने रिकाम्या खोलीत प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली आहे. गप्प बसण्यात तो माझा गुरू होता.

मग मी हजेरीपट त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "मास्तर, हजेरी घ्या."

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि सुरुवात केली. एक नंबर, नाव. थांबले. खोलीत कुणी उत्तर दिलं नाही. दोन नंबर. तीन. प्रत्येक नावानंतर ते सवयीने थांबत होते. दहा नंबरपर्यंत आवाज स्वच्छ होता. अकरावं नाव त्यांनी घेतलं नाही. कागदावर बोट ठेवून बसले. 

"घ्या की," मी म्हटलं.

"साहेब, तो गेला," ते म्हणाले. "पावसात. पहिल्याच पंधरवड्यात. परांचीवरून पडला. बेल्ट नव्हता. मी त्या वेळी वर्गात बेल्टवरच बोलत होतो. मालकांचा फोन आला. मला म्हणाले, काही झालेलं नाही, अकरा नंबर चालू ठेवा." बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "पहिले काही दिवस मी त्याचं बटण दाबायचो तेव्हा खाली बघायचो. नंतर सवय झाली. सवय झाली याचीच मला आता भीती वाटते. गेल्या महिन्यात एकदा मी बटण दाबायला विसरलो साहेब, आणि मला वाटलं, तरी उत्तर आलं."

ते शेवटचं मी जबाबात लिहिलं नाही. पण ते मी ऐकलं आहे.

ठेकेदाराला संध्याकाळी ताब्यात घेतलं. तो दोन दिवस सगळं नाकारत होता. अंगठ्यांची पेटी पुढे ठेवल्यावर चिडला. "नियम बदलले तेव्हा आम्हाला विचारलं का कुणी? वर्गाची मदत मिळेल या हिशेबाने मी काम घेतलं होतं. सतरा माणसं रोज वर्गात बसवली तर स्लॅब कोण भरणार? आणि नाही बसवली तर मदत बंद. माणूस मेला तर यादीतून नाव काढायची सोय नाही, साहेब. तो पडला त्या मिनिटाला मशीनमध्ये तो वर्गात होता. मेला म्हणून कळवलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं."

"म्हणून जिवंत ठेवलात," मी म्हटलं.

 मग त्याने नदीचं सांगितलं. त्या दिवसांत नागोठण्याला आंबा नदीला पूर आला होता. अंधार पडल्यावर त्याने आणि मुकादमाने मृतदेह जीपमधून नेऊन पाण्यात सोडला.

मी जिल्ह्यातल्या ठाण्यांकडे पुरानंतर सापडलेल्या अनोळखी मृतदेहांची माहिती मागवली. खाडीकाठच्या एका ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होती. कांदळवनात मच्छीमारांना सापडलेला पुरुषाचा देह, चेहरा ओळखण्यापलीकडे, पुरात वाहून आला असावा असा अंदाज. वारस न मिळाल्याने दफन केलेलं, डीएनएसाठी नमुना राखून ठेवलेला. त्या ठाण्याने तेव्हा बेपत्ता लोकांची यादी तपासली होती. पण आमचा माणूस त्या यादीत नव्हता. तो 'मिळून आला' होता.

मुलीच्या रक्ताशी नमुना जुळल्याचा अहवाल यायला काही आठवडे लागले. बाईला मी आधीच सगळं सांगितलं होतं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मंग तो आवाज?" मी तिला समजावलं. तिला समजलं की नाही, सांगता येणार नाही. त्यानंतर ठाण्यात आली की ती त्या संगणकाच्या खोलीकडे पाठ करून बसायची.

खटला उभा राहिला. ठेकेदार आणि मुकादमाला शिक्षा झाली. मास्तरांनी गुन्हा कबूल केला. त्या निधीचे नियम पुन्हा एकदा बदलले असं ऐकतो. आता अधिकारी अचानक जाऊन वर्ग बघतात. ते बरं आहे. मला या प्रकरणाने जे शिकवलं ते साधं आहे, आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर ते शिकावं लागलं याची लाज वाटते. माणूस आहे असं कागद सांगत असेल तर उठून जाऊन तो माणूस बघायचा. यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात. आमचं मशीन खरंच खोटं बोललं नव्हतं. त्याने फक्त अंगठा आहे एवढंच सांगितलं होतं. माणूस आहे असं मी लिहिलं. उरलेल्या काळात माझ्या ठाण्यात मिसिंगच्या एकाही नोंदीवर, त्या माणसाशी मी किंवा माझा अधिकारी समोरासमोर बोलल्याशिवाय, 'मिळून आला' हा शेरा पडला नाही. काही सहकारी मला हसले. हसू देत.

निवृत्तीच्या आधी एकदा मी त्या बाईच्या घरी गेलो. कोर्टाच्या कामाचा एक कागद द्यायचा होता. तिने अंगणात खुर्ची दिली, पाणी दिलं. मग दाराला टेकून उभी राहिली.

"एक इचारू का, सायेब? खरं सांगाल?"

"सांगेन."

"पडल्यावर लगेच गेले, का जीव व्हता?"

हे विचारलं जाईल याची मला भीती होती. वर्गाच्या यादीत नसलेला आणि अपघातानंतर घरी निघून गेलेला बरोबरचा एक बिहारी कामगार आम्ही त्याच्या गावी जाऊन शोधला होता आणि त्याच्या जबाबात सगळं होतं. लगेच गेला, त्रास झाला नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण या बाईला मी एकदा खोटं कळवलं होतं.

"थोडा वेळ जीव होता," मी म्हटलं. "अर्धा तास असेल."

ती खाली बघत होती. "पानी मागितलं आसंल."

"मागितलं होतं."

"मंग?"

"दिलं. बरोबरच्या कामगाराने डोकं मांडीवर घेऊन दिलं. त्याच्या जबाबात तसं आहे. त्याला मी स्वतः भेटलोय."

तिने पदराने तोंड पुसलं.  मग म्हणाली, "त्याचं नाव सांगा मना. पोरीला सांगून ठेवते."

मी ते नाव तिला सांगितलं, आणि तिने ते माझ्यामागून दोनदा म्हणून पाठ केलं.